‘फक्त इंग्रजीत बोला’ या पाटीची विल्हेवाट

मी, सौ. विनीता गुरुप्रसाद प्रभुगावकर, वय ५४, व्यवसाय प्राथमिक शिक्षिका, राहणार मसुरे, तालुका मालवण, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. येत्या बुधवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे; यजमानांनी अजून दिलेला नाही.

१. राहते घर व आंब्याची बाग यजमान गुरुप्रसाद यांना. पावसाआधी कौले परतून घ्यावीत. त्यांचे नेहमीचे "बघूया गो" हे उत्तर ऐकायला तेव्हा घरात कोणी नसेल.

२. दीर भाई यांना माझा इंग्रजी-मराठी शब्दकोश. नातवाशी इंग्रजीतच बोलायचे, असे त्यांनी आपल्या आईला, आमच्या माईंना, बजावले होते. माई दोन वर्षे नातवाकडे बघून नुसत्या हसल्या, आणि गेल्या. त्यांना काय सांगायचे होते, तो शब्द भाईंनी सवडीने शोधावा.

३. मला आलेली कारणे दाखवा नोटीस. पहिलीची मुले एकट्याने इंग्रजी बोलायला घाबरतात, म्हणून मी देवळातल्या गाऱ्हाण्याची रीत धरली: एकाने सांगायचे, बाकीच्यांनी एकदम होकार द्यायचा. सुका बांगडा उंच धरून मी म्हणायची, "धिस इज अ फिश!" मुले एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग बांगडा ज्याच्या हातात, त्याने वाक्य म्हणायचे. महिन्याभरात तोंडे उघडली. तपासणीच्या साहेबांनी विचारले, "चिल्ड्रन, डू यू अंडरस्टँड मी?" वर्ग गरजला, "व्हय म्हाराजा!" मुलांना समजले होते. साहेबांना नाही. ही नोटीस माझ्या चितेवर ठेवू नये. सरकारी कागद धूर फार करतो.

४. शिकवायच्या वस्तूंची पेटी (करवंटी, रोवळी, बांगडा, शेवटची वस्तू दरवर्षी बदलावी) सहशिक्षिका संचिता परब हिला. ती माझीच जुनी विद्यार्थिनी. दिवाळीपासून मी रजेवर असल्याने पहिली तिच्याकडे आहे. अट एकच. तिने वर्गात टांगलेली ‘फक्त इंग्रजीत बोला’ ही पाटी उतरवावी. सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणणारी आमच्या पहिलीतली रिया त्या पाटीखाली मुकी झाली आहे, आणि संचिता तिचे नाव ‘अप्रगत’च्या यादीत घालायला निघाली आहे.

५. आता खरे लिहिते. ती पाटी मूळ माझी. सन २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आले आणि मी कसालच्या प्रशिक्षणातून परतले ती पाटी रंगवूनच. एक मुलगी म्हणाली, "बाई, माका भायर जावचा आसा." मी म्हटले, "इन इंग्लिश!" तिला येत नव्हते. बसल्या जागी फ्रॉक भिजला. वर्ग हसला. मीही हसले. ती मुलगी संचिता. पंचवीस वर्षांत ‘सॉरी’ हा शब्द मी शेकडो मुलांना शिकवला. तिला एकदाही म्हटला नाही. तो इथे म्हणते.

पुरवणी (दुसऱ्या दिवशी): मसुदा सकाळी संचिताला वाचायला दिला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "फ्रॉक पिवळो होतो, बाई. आयेन नवो शिवलेल्यान."

"मगे तूच कशी गो ती पाटी टांगलंस?"

"माका वाटला, इंग्रजी तसाच येता."

आज पाटी उतरली. सबब कलम ४ मधील अट रद्द समजावी. संध्याकाळी संचिता सांगून गेली: दुपारी रिया भर तासाला उभी राहिली, "बाई, माका भायर जावचा आसा" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता गेली. तेच वाक्य इंग्रजीत कसे म्हणायचे, ते संचिताने तिला शिकवले. ती परत आल्यावर. आधी नाही.

लिहून देणार: सौ. विनीता गु. प्रभुगावकर (सही)
आमच्यासमक्ष सही केली:
१. शिवांगी मेस्त्री, शेजारीण (सही)
२. सुशांत राणे, पोस्टमन (सही)
मसुरे, १२ डिसेंबर २०२५