वाकळेतली साडी

प्रिय आई,

आज दुपारी वहिनीचा फोन आला. युनिफॉर्मच्या कारखान्यात आमच्या मशिनी चालू होत्या, काही ऐकू येईना, म्हणून जिन्यात जाऊन उभी राहिले. "वन्सं, रंग कंचा घेऊ? मोरपंखी का आमसुली?" मला आधी कळेचना. मग कळलं आणि जिन्यातच बसले. साडी गं, आई! बहिणीनं बापाच्या घरावरचा हक्क सोडला की भाऊ तिला नेसवतो ती साडी. सोमवारी तालुक्याला जाऊन मी सही करायची आहे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

रागावलीस ना? मला माहीत होतं.

तुझ्या भावांनी तुझी सही घेतली तेव्हा तुला हिरवी साडी दिली होती. ती तू कधी नेसली नाहीस. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवलीस तेव्हा ती कोरी साडी मधल्या थरात घातलीस. मी म्हणाले, "अगं आई, नवी साडी आत कशाला?" तू दातानं दोरा तोडलास. "डोळ्याला दिसाया नगं. पर ऊब तर देऊ दे की मेलीला!"

म्हणून तर बाबा गेल्यावर तू ग्रामपंचायतीत ठाण मांडून बसलीस. करकंबच्या घराच्या उताऱ्यावर दादासोबत माझंही नाव लागलंच पाहिजे! ग्रामसेवक हसत होते. "मावशी, लेकीचं कशाला? उद्या काढावंच लागंल की."

"मग उद्या काढ. आज लाव की!"

तो उतारा तू प्लॅस्टिकमध्ये घालून माझ्याकडे दिलास. "कुटल्याबी हापिसात गेलीस की ह्यो दाखव, सुमे. वजन पडंल."

दाखवला गं, आई. पडलं वजन. माझ्यावरच पडलं.

इथं शहराबाहेर कुंभारीकडे कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरं बांधतायत. ज्यांचं हे पहिलंच घर आहे, त्यांना सरकार अनुदान देतं. आमच्यासारख्यांना त्याशिवाय घर घेणं शक्यच नाही. पूर्वा आणि मी बघायला गेलो होतो. खिडक्यांना अजून चौकटी नव्हत्या. तुझी नात आत शिरली आणि रिकाम्या भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "आई, इथं खिळा मारला तर कुणी ओरडणार नाही ना?" भाड्याच्या खोलीत वाढलेली पोर आणखी काय विचारणार?

अर्ज द्यायला गेले तेव्हा सगळ्या कागदांच्या वर तुझा उतारा ठेवला. अभिमानानं! टेबलामागच्या साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.

"ताई, करकंबला तुमच्या नावावर पक्कं घर हाय की."

"ते भावाचं आहे, साहेब. मी इथं भाड्यानं राहते."

"राहायचं कोण विचारतंय? आमी नाव विचारतो."

मातीचं असतं तरी काही वाट निघाली असती म्हणे. पण दादानं स्लॅब टाकला. त्या दिवशी तूच फोनवर ओरडली होतीस, "सुमे, घर पक्कं झालं! तुजं बी पक्कं झालं!" इतकं कशाला पक्कं करून ठेवलंस, आई? त्या पक्क्या घरात मी आले की वहिनी अंथरूण पडवीत घालते. तिचाही दोष नाही, दोनच खोल्या आहेत.

घर बाईच्याच नावावर हवं, ही त्यांची अट. आणि बाईच्या नावावर घर नको, ही पण त्यांचीच अट! पूर्वा हसली, "म्हणजे आई, तू मालकीणही आहेस आणि भाडेकरूही." मीही हसले. मग दोघींनाही हसू येईना.

नाव कमी करून आणा, मग अर्ज घेऊ, असं साहेब म्हणाले. "आणि मग घर मिळेल?" मी विचारलं.

"सोडत निघंल की. नशिबात असंल तर लागंल."

बघ म्हणजे! तू लावलेलं नाव आधी पुसायचं, आणि नवं लागेल की नाही ते चिठ्ठीवर. चिठ्ठी निघाली नाही तर? इथे दर अकरा महिन्यांनी नवा करार, पत्र्याखालचा तो उन्हाळा, आणि करकंबला मी नुसती पाहुणी. मशीनवर बसले की हेच फिरत राहतं. शिवण सरळ जाते, डोकं जात नाही.

सही केली नाही तर तुझा शब्द राहतो. पण मग तुझा तो शेवटचा उन्हाळा आठवतो. तुला दवाखान्यासाठी माझ्याकडे आणलं होतं. घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "पाणी चार दिवसांनी येतंय. माणूस वाढलं की पुरत न्हाय." तू आतून ऐकलंस. सकाळी पिशवी भरून तयार. "बरं वाटतंय गं मला. एस्टी हाय आत्ता." कुठं बरं वाटत होतं तुला? तेव्हा माझं एक दार असतं, तर तुला कुणी जा म्हणालं असतं का?

दादाला विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "तू म्हणशील तसं, सुमे. आईनं लावलेलं नाव, मला काय घाई न्हाय." त्याला नसेल. पण वहिनी रंगापर्यंत पोचली!

आई, मी सही करणार आहे. तुझं ऐकलं नाही म्हणू नकोस. उतारा दाखव म्हणाली होतीस, तो मी दाखवला. त्यातल्या एका ओळीत मला आणि पूर्वाला राहता येत नाही गं.

पण साडी घेणार नाही. जिन्यातून वहिनीला परत फोन लावला आणि म्हणाले, "साडी नको. आईची वाकळ द्या."

"अवो, ती फाटकी? लोकं म्हनतील, नणंदेला साडीबिगर लावून दिली!"

"लोकांना सांगा, साडी आतच आहे."

तिला काही कळलं नाही.

तुला एवढा शब्द देते. चिठ्ठी निघो न निघो, कुंभारीच्या घरात असो की याच पत्र्याखाली, ती वाकळ मी उसवीन. तुझा टाका न् टाका सोडवीन आणि ती हिरवी साडी वरच्या बाजूला लावून पुन्हा शिवीन. पूर्वाच्या अंगावर ती सगळ्यांना दिसू दे.

तुझीच,
सुमी