टेकडीवरच्या गुहेचं छत

१७ नोव्हेंबर १९८५, रवि.
जोगेश्वरीची टेकडी. आमच्या इतिहास मंडळाचे आज चौघंच. वरच्या लहान गुहेतल्या खांबांची मापं घेतली. आत सावंत नवराबायको राहतात, गिरणी बंद पडल्यापासून. चूल नेमकी कोरीव खांबाला टेकून. कारखानीस सर (मंडळ त्यांनीच काढलं) सावंतच्या बायकोसमोरच म्हणाले, "हे आधी रिकामं व्हायला हवं." पार्वती सावंतने तरी चहा दिला. सर प्यायले नाहीत. मी प्यायले.

२४ नोव्हें.
मंडळाचा अर्ज म्युनिसिपालिटीकडे गेला. गुहा वाचवा, अतिक्रमण हटवा. मजकूर मी टाइप केला, सरांच्या सहीखाली माझी. बरं काम झालं असंच वाटलं.

८ डिसें.
टेकडीमागे खडीची खाण आहे. सुरुंग उडाला की छतातून भुगा गळतो. आज पार्वतीच्या पिठात पडला. छताला भेग. सरांनी तिच्यावर आडवी काचपट्टी प्लास्टरने बसवली. काच तडकली तर भेग वाढतेय समजायचं. पार्वती खालून बघत होती.

१५ डिसें.
काच दुभंगलेली. सरांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "पार्वतीबाई, इथून निघा. आजच."
"खंय जावचा?" मग अगदी शांतपणे, "म्युन्शिपाल्टीचो माणूस येवन गेलो. तुमच्या अर्जान आमका भायर काढतले म्हणालो. आता तुमी सांगतास, छप्पर पडतला."


१६ डिसें., सोम.
हाफ डे टाकून खाणीवर. मुकादम सभ्य माणूस. "लेखी ऑर्डर आणा बाई, काम थांबवतो." सरकारी कचेरीत साहेब दौऱ्यावर. आमच्या अर्जात सुरुंगाचा एक शब्द नाही. कोणाला सुचलंच नाही.

२२ डिसें.
भेगेत आता बोट जातं. सर आले नाहीत. फोनवर म्हणाले, "आपलं काम नोंद करण्याचं. बाकी सरकार बघेल." मग मंडळ कशासाठी, विचारणार होते. फोन ठेवून दिला.
सावंत खोली शोधायला विरारकडे गेलाय, पार्वती एकटीच. म्हटलं, माझ्याकडे चला अंधेरीला, तो येईपर्यंत.
"आणि मागसून हय कुलूप घातलास तर?"

२९ डिसें.
मुकादमाचा निरोप, उद्या सकाळी मोठा सुरुंग. आईला नुसतं सांगितलं, उद्या ऑफिसला जात नाही.

३० डिसें., सोम. सकाळ
हे गुहेतच लिहितेय. पार्वतीला म्हटलं, तुम्ही निघत नाही तर मीही इथंच बसते. वाटलं, निदान माझ्यासाठी तरी उठेल.
"बसा," म्हणाली आणि पाट दिला.
सावंत अजून परतलेला नाही, बसलोय दोघी. मी छताकडे बघत नाही, ती बघतेय. खाली खाणीवर लाल बावटा लावलाय. मघाशी तिने दोन पातेली गोणीत घातली. मग थांबली, माझ्याकडे बघत राहिली.
"खरोच पडतला?"
हो म्हटलं.
सुरुंगाचा भोंगा वाजतोय. ती अजून