कणकेतली पूड

आई, मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली. कणकेत शेवग्याच्या पाल्याची पूड सासूबाईंनी मिसळली नव्हती, मी मिसळली होती. कापडातून चाळून, चिमूटभर. तू जाऊन दहा वर्षं झाली, ही पत्रं कुठे जात नाहीत, तरी तुझ्याशीही खोटं लिहिलं याचा स्वतःचाच संताप येतो.

तुझी नात, जी तू पाहिली नाहीस, सहा वर्षांची आहे. पोळी, कोरडा भात आणि भाजलेले शेंगदाणे, एवढंच खायची. त्या दिवशी पहिलाच घास तिने हातावर काढला, वास घेतला आणि म्हणाली, "हे माही पोळी नाही." तेव्हापासून पोळी बंद. आता दोनच पदार्थ उरलेत आणि फ्रॉक खांद्यावरून घसरतो.

घरात येईल तो शहाणपण शिकवतो. नणंद म्हणते, "दोन दिवस उपाशी ठेव, तिसऱ्या दिवशी सारं खाईन." सासूबाई मिरच्या ओवाळतात. "काऊन वं, एवढं शिकून तुले एक पोरगी जेवू घालता येत नाही?"

शिकवलंस तर तूच, शाळेच्याही आधी, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने. त्याच फरशीवर वांग्याच्या भाजीसमोर बसवलंस. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं. पाहुणे हात धुऊन गेले, मी बसलेलीच. शेवटी गिळलं आणि तुझ्या पदरावर ओकले. "नाटकं करून राह्यली," तू म्हणालीस. नव्हते करत, आई. हीसुद्धा करत नाही. घास समोर आला की तिला खरंच भीती वाटते.

बुलढाण्याचे डॉक्टरही तेच म्हणाले. हा हट्ट नाही; जबरदस्ती नको, लपवाछपवी तर मुळीच नको. मग त्यांनी विचारलं, "पोळी एकाएकी का सोडली? काही मिसळलं होतं?" सासूबाई शेजारीच होत्या, पोरगी माझ्या मांडीवर. मी म्हटलं, "माहीत नाही, कणीक त्या मळतात."

त्यांनी पोरीचा घसरलेला फ्रॉक नीट केला. घरी आल्यापासून पोरगी त्यांच्या हातचा भातही घेत नाही. आजी वाढायला आली की ताट मागे ओढते.

सोमवारी अकरा वाजता पुन्हा बोलावलंय. सासूबाईंना घेऊन जाणार आणि तिघांसमोर सांगणार. खरं तर आत्ताही सांगता येईल, त्या अंगणात तांदूळ निवडताहेत. पण मी घाबरते. सोमवारी.