आबांच्या कानाचं माप

प्रिय भाऊ,

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागच होता. पण आज सकाळी खालच्या मजल्यावरचे आबा आले, चक्क तुझा ड्रमसेट मागायला! उद्या त्यांच्या नातवाची हळद. भुसावळहून मागवलेला डीजे आत्ताच दणदणतोय, आपल्या खिडकीच्या काचा थरथरताहेत, आणि तेवढ्यानं त्यांचं भागत नाही.

"पडेलच शे ना तो? पोरं वाजाडतीन," म्हणाले. "फक्त ते रबर काढीसन दे."

रबर काढून! ऐकलंस?

ते रबर कुणापायी बसलं होतं रे? आधी आवाज दबावा म्हणून तू ड्रमवर जाळीचे पडदे लावले होतेस. काठी त्यावरून छान उसळायची, तुझा चेहरा खुलला होता. पण मला तू खाली आबांच्या दारात उभं केलंस, आवाज येतो का ते त्यांना विचारायला. ते खुर्चीतूनच म्हणाले, "अजून आयकू यी ऱ्हायनं." मग पातळ रबराच्या चकत्या लावल्यास. तरी तेच. शेवटी जाड रबर, झांजांना फोमच्या पट्ट्या आणि पायाच्या मोठ्या ड्रममध्ये आईची गोधडी. तेव्हा आबा म्हणाले, "आते ठीक शे," आणि तू तेच कायम केलंस. तुझ्या हाताला काय बरं वाटतं, हे कुणी विचारलं? तू तरी?

त्या जाड रबरावर काठी उसळतच नसे. तू म्हणायचास, "सराव तर होतोय ना!" काय सराव झाला ते धुळ्याला कळलं. ऑर्केस्ट्रासाठी निवड होती. उघड्या ड्रमवर पहिला ठोका पडला आणि तूच दचकलास. मग हात आखडला तो आखडलाच. ऑर्केस्ट्रावाले दोनदा म्हणाले, "भाऊ, जरा मोकळं वाजवा." तुला जमलं नाही. परतीच्या बसमध्ये पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तू काठ्या पिशवीच्या तळाशी कोंबून बसला होतास. घरी आल्यावर सेटवर चादर टाकलीस. पुढे काविळीनं तू गेलास, तरी ती चादर तशीच होती.

आबांवर मी चिडतेच, पण खरा राग तुझ्यावर आहे. एकदा तरी भांडायचं होतंस! संध्याकाळचा एक तास हक्कानं मागायचा होतास! कसला रे हा चांगुलपणा? तुझ्या दहाव्याला हेच आबा सगळ्यांना सांगत होते, "पोऱ्या गुणी व्हता, कधी तरास दिन्हा नही." मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

आज आईनं त्यांना होकारही देऊन टाकला होता. शेजारधर्म म्हणे! मी आबांच्या तोंडावर नाही म्हटलं. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये. नाही बोलली तर नाही.

माझ्या एका मैत्रिणीची लेक ड्रम शिकतेय. त्यांचं घर शेतात आहे. तिचा ताल तुझ्याइतका पक्का नाही, मध्येच घसरते. पण बिचकत नाही.

उद्या हळदीची गर्दी जमायच्या आत सेट तिच्याकडे पोचवीन. ती वाजवेल तेव्हा समोर बसेन. आणि तिचा हात जरा जरी आखडला, तर आपल्या घरात तुला कुणीही एकदासुद्धा जे म्हटलं नाही, ते तिला मी म्हणेन, भाऊ. म्हणेन, वाजव!

तुझ्यावर अजून रागावलेली,
उज्जू