आईसाहेबांच्या कांजिण्या

अप्पा,

तुमच्या नातीला कांजिण्या झाल्या होत्या. आता खपल्या पडायला लागल्यात, ताप उतरलाय, आणि मी हे लिहितेय तेव्हा ती स्वयंपाकघरात चटईवर पालथी पडून एका स्टीलच्या वाटीशी भांडते आहे. तुम्हाला नात आहे हेच खरं तर आधी सांगायला हवं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर नोकरी, लग्न, कामोठ्यातला हा फ्लॅट, आणि मग ही. अजून वर्षाची व्हायची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. हा शब्द तुमच्या कानावर कधी पडला असेल असं वाटत नाही. म्हणजे असं, की मान धरणं, कुशीवर वळणं, घोट गिळणं, सगळं ती तिच्या सवडीनं करते. अंगात जोर कमी आहे. जीभ जरा बाहेर असते, आणि हसली की डोळे दिसेनासे होतात. हृदयात एक बारीक छिद्र आहे, त्यावर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत.

ती झाल्यापासून आमच्या घरातले सगळे शब्द असेच जड आहेत. इको, थायरॉईड, फिजिओथेरपी. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारतात, मी सांगते, आणि मग मजला येईपर्यंत सगळ्या जणी आकड्यांकडे बघत उभ्या राहतात. म्हणून मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तिचं झबलं वर करून पोटावरचे फोड बघितले आणि ‘कांजिण्या’ म्हणाल्या, तेव्हा मला हसूच आलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ‘मॅडम, म्हणजे साध्या कांजिण्या? सगळ्या पोरांना होतात त्या?’ त्या म्हणाल्या, ‘त्याच. पण हिच्या बाबतीत साध्या समजू नका. औषध आजच सुरू करायचं, आणि पाणी पोटात जातंय का ते बघत राहायचं.’ मी मान डोलावली, पण अप्पा, खरं सांगते, रिक्षात बसताना मला जरा मिरवावंसं वाटत होतं. पहिल्यांदाच माझ्या पोरीला चारचौघांसारखं काहीतरी झालं होतं.

आणि झालंही तसंच. लिफ्टमध्ये नुसतं ‘कांजिण्या’ म्हटलं आणि सगळ्यांना वाचा फुटली. कुणी म्हणालं नखं काप, कुणी म्हणालं सुती कपडे घाल, कुणाच्या मुलाच्या नाकावर अजून खड्डा आहे. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या साताऱ्याकडच्या. त्यांनी बातमी कळताच पदर खोचला. कोपऱ्यावरच्या झाडाचा कडुनिंब वॉचमनकडून काढून आणवला आणि दाराला बांधला. घरात फोडणी बंद. वरण बिनफोडणीचं, भाजी उकडलेली. तुमच्या जावयानं दोन दिवस कसेबसे काढले, तिसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर मिसळ हाणून आला आणि साळसूदपणे हात धुवायला गेला. आत्यांनी बेसिनपर्यंत जाऊन वास घेतला. ‘देवी घरात हायती आन् तू तर्री वरपून आलास व्हय रं?’ बिचारा तसाच परत आंघोळीला.

आणि त्या तिला ‘अहो’ म्हणायला लागल्या. ज्या लेकराच्या अंगात देवी आल्यात, त्याला अरेतुरे करायचं नाही, रागवायचं नाही, कशाची जबरदस्ती करायची नाही. मी बाटल्या उकळत होते, खोलीतून आवाज आला, ‘का वो, खाज सुटली का तुमाला?’ मी तिथेच थबकले. मला तळवलीची आपली भाड्याची खोली दिसली.

मी तिसरीत आहे. अंगभर फोड, आई स्टोव्हपाशी बिनफोडणीची आमटी ढवळते आहे, आणि तुम्ही कंपनीतून आलाय. तुम्ही टाइमकीपर, मिनिटाला मिनिट लावणारे. एरवी घरात पाय ठेवला की पहिला प्रश्न पाढ्याचा. पाहुणे आले तरी मला मधोमध उभं करून एकोणतीसचा म्हणायला लावायचात, आणि मी न अडखळता म्हटला की पाहुण्यांकडे असं बघायचात की जणू तो तुम्हीच म्हटलाय. एकदा सत्ताविसात अडखळले तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हतात. पण त्या दिवशी तुम्ही पाय धुतलेत, माझ्या उशाशी मांडी घालून बसलात आणि हात जोडून म्हणालात, ‘काय आईसाहेब, आज तब्येत काय म्हणते?’ मी म्हटलं, ‘अप्पा, पाढा म्हणू?’ तर तुम्ही आईकडे बघून म्हणालात, ‘आता आईसाहेबांना पाढे कोण इचारणार? आपली पायरी ओळखून ऱ्हावं मान्सानं.’ मग निंबाच्या डहाळीनं वारा घालत बसलात. खपल्या पडेपर्यंत रोज. मी काहीच करत नव्हते, नुसती पडून होते, आणि तुम्ही माझ्यावर खूश होता. बरी झाल्यावर पाढे पुन्हा सुरू झाले म्हणा.

इकडे आत्यांचं आणि माझं औषधावरून वाजलं. देवीला औषध चालत नाही, ती कोपते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ‘आत्या, कडुनिंब बांधा, फोडणी बंद करा, मला चालेल. औषध मी देणारच.’ जरा चढ्या आवाजातच म्हटलं. दुपारी बघते तर त्या चमच्यात औषध घेऊन तिच्यापुढे वाकलेल्या. ‘डाक्टरीनबाईंनी सरबत धाडलंय तुमास्नी. ग्वाड हाय. रागाऊ नगा.’ देवीलाच समजावलं म्हणजे प्रश्न मिटला. मला हसू आलं आणि त्यांच्यावर प्रेमही आलं.

मग फोड तोंडात आले. टाळ्यावर, जिभेवर. तशीही तिला गिळायला कष्ट पडतात. बसतं धरून, हनुवटीखाली बोट देऊन, थोडं थोडं द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. आता तर चमचा दिसला की मान फिरवायची. दूध नाही, पेज नाही, शहाळ्याचं पाणी नाही. सकाळपासून लंगोट कोरडा. डॉक्टरबाईंना फोन केला. ‘संध्याकाळपर्यंत बघा,’ त्या म्हणाल्या, ‘नाही झाली शू तर ॲडमिट करून सलाईन लावू.’ सलाईन म्हणजे काय ते मी आधी पाहिलंय. तिच्या गुबगुबीत हातात शीर सापडत नाही. दोन्ही हात, दोन्ही पाय, मग डोक्याला सुई. त्या वेळी ती मोठ्यानं रडलीसुद्धा नव्हती, तेवढा जोरच नव्हता तिच्यात. मला ते पुन्हा नको होतं. म्हणून मी चमचा घेऊन तिच्या मागे लागले. गाणी म्हटली, खुळखुळा वाजवला, शेवटी गाल दाबून ओठ उघडायला बघितले. तिला ठसका लागला, जांभळी पडली, आणि मीच घाबरून रडायला लागले. आत्या ताजा निंब आणायला खाली गेल्या होत्या. घरात आम्ही दोघीच.

मी चमचा खाली ठेवला. तिला मांडीवर सरळ बसवली. आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, अप्पा, तुमची तीच अदब, तोच नाटकीपणा. ‘काय आईसाहेब? रागावलात? बरं. तुमच्या मनात येईल तेव्हा घ्या. आम्ही बसलोय.’ आणि खरंच बसले. शहाळ्याची वाटी शेजारी, हात माझ्याच मांडीवर. ती माझ्याकडे बघत राहिली. कुणी काही मागत नाहीये, याचं तिला नवल वाटलं असावं. बराच वेळ गेला. मग तिनं स्वतःहून वाटीकडे हात टाकला, बोटं पाण्यात बुडवली आणि चोखली. पुन्हा बुडवली. मी चमचा नुसता ओठाला टेकवून धरला आणि तिनं तो आत घेतला. तापाच्या औषधानं तोवर तोंडाची आग कमी झाली असेल, डॉक्टरबाई तसंच म्हणाल्या. आत्या म्हणतात देवी पावली. मी दोघींना हो म्हटलं. ऊन उतरायच्या आत तिनं माझी साडी पार भिजवली आणि मी तशीच ओल्या मांडीनं बसून आत्यांना हाका मारत सुटले. आत्या धापा टाकत आल्या, साडी बघितली आणि त्या ओल्या साडीला त्यांनी हात जोडले.

त्यानंतर मी फोन हातात घेतला. नवऱ्याला कळवायचं होतं, डॉक्टरबाईंना कळवायचं होतं. पण फोन हातात धरून मी शोधत होते तुम्हाला. तुमच्या हयातीत आपल्या घरी फोनसुद्धा नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. ती झाली आणि डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला होता तो हा, की बरं झालं, अप्पा नाहीत. हिला पाढे यायचे नाहीत, आणि ते कळल्यावरचा तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही. त्या दिवशी मला फक्त पाहुण्यांसमोरचे तुम्ही आठवला होतात. उशाशी बसलेले तुम्ही आठवला नाहीत.