मामंजींच्या तलवारीला गिऱ्हाईक

गौलीगुडा, हैदराबाद
दसऱ्यानंतरचा बुधवार, १९५६

ती. सत्यवतीवन्सं यांना वाकून नमस्कार. (तुम्ही मात्र मला उठवायला वाकू नका, गुडघे सांभाळा.)

माझ्या लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आठवते का? मागच्या ओसरीवर बसून आपण दोघी मामंजींची शस्त्रं चिंचेनं घासत होतो. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. रुमालावर फुलं भरता येत होती, पण तलवार कुठून धरतात ते ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणालात, "अगं, भांडंच समज." त्या एका वाक्यावर मी या घरात आजवर तगले. औरंगाबादेत तुमच्याशेजारी घासायला कोण बसतं आता? खोकला कसा आहे? ज्येष्ठमध घेता ना?

इकडची हकीकत अशी. आपल्या राज्याच्या तीन वाटण्या व्हायच्या आहेत आणि सरकारी नोकरांच्या यादीत प्रभाकरचं नाव मुंबईच्या वाटणीत आलं आहे. तिथे दोन खोल्याही मिळाल्या. त्यानं ठरवून टाकलं : आधी आजोबांची शस्त्रं विकायची (नव्या राज्यात परवाना कोण काढत बसणार!), मग घर मालकाच्या ताब्यात द्यायचं, मग मला आगगाडीत बसवायचं. म्हणजे शेवटची तलवार ज्या दिवशी दाराबाहेर पडेल, त्याच दिवशी माझी ट्रंक बांधायची. मला जायचं नाही, वन्सं. पण मुलाला हे सांगायचं कसं? त्यानं माझ्या पलंगासाठी खिडकीजवळची जागासुद्धा राखून ठेवली आहे.

रविवारी अफझलगंजचे गफूरमियाँ एका इंग्रज साहेबाला घेऊन आले. जुनी हत्यारं जमवायचा त्याला नाद आहे. गफूरमियाँनी वाटेतच मामंजींना सरसेनापती करून टाकलं होतं. (मामंजींनी उभ्या हयातीत जनान्याच्या मेण्यांपुढे घोडा चालवला, त्यात एकदा घोडाच बसला, एवढीच त्यांची लढाई.) मोठी तलवार उपसली तर पात्याच्या मुळाशी लाल-काळी खपली. साहेबानं टोपी काढली. आवाज बारीक करून विचारलं, हे रक्त का?

आता माझी पंचाईत अशी की मला इंग्रजीत खोटं बोलता येत नाही. मराठीत येतं, उर्दूत तर गोड येतं. पण इंग्रजीत तोंड उघडलं की मदर अगाथा छडी घेऊन समोर उभ्या राहतात. मी म्हटलं, नाही हो, ते कुंकू. दर खंडेनवमीला लावतो, वर तेलाचं बोट, आणि पूजलेलं कुंकू घासून काढायचं नाही अशी आमच्या वन्सांची शिस्त. गफूरमियाँ मागून कुजबुजले, "अम्मा, आप चुप बैठो ना! साब कू खून होना!" (म्हणजे साहेबाला रक्तच हवंय.)

ढालीला पोचा होता. गफूरमियाँ म्हणाले, गोळी. मी म्हटलं, गच्चीवर सांडगे वाळवताना वाऱ्यानं खाली पडली, शेजारच्या गंगूच्या कढईवर. जांबिया कुणाच्या पोटात गेला होता? फणसाच्या. एवढ्यात साहेबाची नजर खिडकीतल्या शिरस्त्राणाकडे गेली. त्यात कोथिंबीर छान आली आहे, तेही मी सांगून टाकलं. गफूरमियाँनी कपाळाला हात लावला. "हौर क्या रहा, अम्मा? तोप में लोणचा डाले क्या?"

मला वाटलं, सुटले! तर वन्सं, साहेब उलटा खूश झाला. म्हणे खुनाच्या तलवारी त्याच्याकडे ढीगभर आहेत, कुंकवाची एकही नाही. सगळंच घेतो, कोथिंबिरीसकट. तिथल्या तिथे नोटा काढायला लागला. माझ्या डोळ्यांपुढे आगगाडीचं इंजिन धूर सोडू लागलं, आणि जन्मात पहिल्यांदा मी इंग्रजीत खोटं बोलले. म्हटलं, ही शस्त्रं माझ्या मोठ्या नणंदेच्या वडिलांची; तिची विकायला सक्त मनाई आहे. साहेब सभ्य, टोपी घालून गेला. गफूरमियाँ जिन्यावरून मला नाही ते म्हणत उतरले. प्रभाकर रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "आत्याचं तसं पत्र कुठे आहे, आई?"

तर वन्सं, उलट टपाली मला सक्त मनाई करा. म्हणजे ते खोटं राहणार नाही.

आपली,
पद्मावती

ता. क. शस्त्रांचं निमित्त, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. भारती म्हणते, आई, इथेच विद्यानगरला आमच्याकडे ये. जावईही दोनदा बोलले. पण लेकीच्या घरी कायमचं राहायला गेले तर लोक प्रभाकरला नावं ठेवतील, आणि त्या भीतीनंच तो मला ओढून नेतो आहे. या घरच्या वडीलधाऱ्या आता तुम्हीच. आत्याचा शब्द त्यानं कधी मोडलेला नाही.

ता. क. दुसरा. मनाईच्या पत्रात वाटणीही तुम्हीच लिहून टाका, म्हणजे वाद नको. मोठी तलवार तुमच्याकडे, कुंकवासकट. ढाल प्रभाकरच्या बायकोला. मुंबईला गच्ची मिळाली तर बरी पडेल. जांबिया गंगूला, कढईच्या भरपाईत. शिरस्त्राण गफूरमियाँना द्या, फार मनस्ताप झाला बिचाऱ्यांना. कोथिंबीर मी खुडून घेईन. आणि मी भारतीला.