टेकडीवरची टाकी

दि. ९ मार्च

प्रिय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. इकडे सगळे खुशाल. तुमच्या धाकट्याला नोकरी लागल्याचं वाचून फार बरं वाटलं.

तुम्ही जे मागितलंय त्याचं उत्तर देतेच, पण आधी एक बातमी. तुमची लेक ती तुम्हाला सांगायची नाही. फोनवर "ठीक चाललंय" यापलीकडे तिच्या तोंडून काही निघत नाही. गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या सभेत तिचा ठराव मंजूर झाला. रडतखडत का होईना, झाला. मी ठेवणीतले कपडे घालून प्रेक्षकांच्या पहिल्या बाकावर बसले होते.

ठराव कसला ते सांगते. आमच्याकडे नदीचं पाणी डिझेलच्या पंपांनी वर चढतं. कचऱ्याच्या गाड्या, बस, अँब्युलन्स, सगळं डिझेलवरच. पाणी खात्यात लागल्यापासून ही नगरसेवकांच्या मागे लागली होती, की तेल दिवसेंदिवस कमी येणार, महाग होणार. हातात वेळ आहे तोवर तयारी करू. टेकडीवर मोठी टाकी बांधू, सौर पंपांनी दिवसा भरून ठेवू. आणि असेल ते डिझेल आधी अँब्युलन्सला नि आगीच्या बंबाला, असा नियमच करून टाकू. पण ऐकतो कोण? "तेलबाई आल्या" म्हणायचे. एका नगरसेवकाने तर विचारलं, "बाई, तेल संपलं की आम्हाला घोडे देणार का?" सभा खो खो हसली. ही म्हणाली, "घोड्यालाही पाणी लागतं साहेब."

गेल्या उन्हाळ्यात डिझेलचा टँकर आलाच नाही, पंप बंद पडले आणि दवाखान्यातल्या नर्सनी जिन्यावरून बादल्या वाहिल्या. तेव्हापासून हसणं कमी झालं. पण खर्चाचा विषय निघाला की पुन्हा सगळ्यांची दातखीळ बसायची.

आता अवघड भागाकडे येते.

नगरपालिकेला डिझेल माझा लेकच पुरवतो, हे तुम्ही जाणताच. म्हणजे बायकोच्या ठरावाने नवऱ्याच्या धंद्यावर पाणी फिरणार. तुमच्या कानावर आलं ते खरं आहे, विहीणबाई. दोघांची कडाक्याची भांडणं झाली आणि तो डेपोतल्या ऑफिसात राहायला गेला. मी डबा पाठवायची, तो रिकामा परत यायचा. निरोप काही नसायचा. तुमची लेक मात्र रोज कामावर जायची, घरी येऊन माझ्याशी हसून बोलायची. एकदा मी म्हटलं, "सोड ना हा नाद." ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत तर सोडीन. पण नीट विचार करून सांगा." मी विचार केला, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या सभेत घोडेवाल्यानेच तोंड उघडलं. "बाई, आधी नवऱ्याला विचारून या. तेल कमी पडतंय असं तो म्हणाला, तर आम्ही मानू."

माझा लेक मागे दाराशी उभा होता. नगराध्यक्षांनी त्यालाच पुढे बोलावलं. "तुम्हीच सांगा, इथून पुढे लागेल तेवढं डिझेल द्याल ना?"

त्याने नुसतं "हो" म्हटलं असतं तर ठराव तिथेच पडला असता आणि त्याचं कंत्राट वाचलं असतं. तो गाडीची किल्ली हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाही देऊ शकत. मी मागतो त्याच्या निम्मंच येतं. आजवर इकडून तिकडून जमवून दिलं. पुढची हमी माझ्याकडे मागू नका. ती म्हणते ते बरोबर आहे."

"ती" म्हणाला, घरात म्हणतो तसं, भर सभेत. तुमच्या लेकीने कागदांत डोकं घातलं, पण कान लाल झालेले मला दिसले.

मतदान झालं, ठराव झाला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. शिपाई धावत आला. "आजी, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या नसतात." मी म्हटलं, "मी कसली प्रेक्षक? मी दोघांची आई आहे."

तो त्याच दिवशी घरी आला. भांडतात अजून, पण जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून. एक टँकर त्याने विकायला काढलाय. टाकीच्या पाइपांचं काम मिळेल का, विचारत होता. ती म्हणाली, "निविदा भर. पण कुठे माझी ओळख सांगितलीस तर मीच ती फाडून टाकीन." हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

तर तुमचं मागणं. "मुलीला कायमची इकडे पाठवून द्या," असं तुम्ही लिहिलंत. आईच्या जिवाने लिहिलंत. तुमच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. पण मी तिला पाठवणार नाही. टेकडीवर पाया खणायला घेतलाय. ती सकाळीच वर चढते, आणि मुकादमाला कामाच्या चुका दाखवतानाचा तिचा आवाज खाली रस्त्यापर्यंत ऐकू येतो. लोक थांबून वर बघतात. असली मुलगी वाढवलीत तुम्ही, आणि ती बघायला अजून आला नाहीत! या, चांगल्या महिनाभर राहायला या. स्टेशनवर उतरलात की कुणालाही घर विचारा, पण माझ्या लेकाचं नाव सांगू नका. तिचं सांगा, दारापर्यंत आणून सोडतील.

वाट पाहते.

तुमची,
इंजिनिअरबाईंची सासू